ठरलेली पातळी

बातम्यांच्या स्टुडिओमागे, काचेपलीकडच्या अरुंद खोलीत जो साउंड इंजिनिअर बसायचा, त्याला सगळं ऑफिस 'मीटर' म्हणायचं. नाव ठेवलं कॅमेरावाल्यांनी, पण ते असं चिकटलं की गेटवरचा वॉचमनसुद्धा 'मीटरसाहेब' म्हणून सलाम ठोकू लागला. त्यानं लग्न का केलं नाही असं नव्या कोणी विचारलं, की जुने परस्पर सांगून मोकळे व्हायचे, "पातळी जुळली नाही." तोही हसायचा.

म्हटलं तर त्याचं काम साधं होतं. घरात बातम्या ऐकत बसलेल्या माणसाला रिमोटला हात लावावा लागू नये, इतकंच. एक निवेदक खणखणीत बोलणार, दुसरी दबक्या आवाजात, बाहेरगावचा वार्ताहर वाऱ्यात उभा राहून ओरडणार आणि मध्येच एखादी जाहिरात किंचाळत येणार. हे सगळं एका ठरलेल्या पातळीवर आणून बसवायचं. त्यासाठी त्याच्यासमोर मीटर असायचा. चॅनेलचा नियम असा, की संगीत, गडबड, मधली शांतता हे सगळं वगळायचं आणि माणसं प्रत्यक्ष बोलतात तेवढंच मोजायचं. शिकाऊ पोरं मीटरवर लाल रंगाला टेकणारी टोकं बघून घाबरायची, तेव्हा तो म्हणायचा, "टोकाकडे बघू नका. टाळी वाजवली तरी टोक येतं. सबंध बोलणं किती मोठं झालं ते बघा."

या सगळ्या गोंधळात एकाच माणसाची त्याला कधी चिंता करावी लागली नव्हती. संध्याकाळच्या मुख्य बातम्या वाचणारी निवेदिका, त्याची सख्खी थोरली बहीण. तिला ऑफिसातही सगळे ताईच म्हणत. तिच्या माइकचं बटण एकदा जागेवर लावलं की बातम्या संपेपर्यंत हात लावायची गरज नसे. मोठ्या अपघाताची बातमी असो की हवामानाचा अंदाज, ताईचं बोलणं त्या ठरलेल्या आकड्याच्या आसपास रेंगाळायचं. नव्या निवेदकांना तो तिचं रेकॉर्डिंग ऐकवायचा.

त्याला तिच्या आवाजाचं अप्रूप होतं, त्याला कारण होतं. लहानपणी तो तोतरा होता. आई त्याला आठवतसुद्धा नव्हती आणि वडील कामापुढे घरी नसत. दुकानात काही मागायचं असो, शाळेत उशिराचं कारण द्यायचं असो, शब्द त्याच्या घशात अडकून बसायचा. ताई पुढे व्हायची आणि त्याच्या वतीनं बोलून टाकायची. समोरच्याला संशयही येऊ द्यायची नाही. "त्याला काय हवंय ते मला माहितीय," असं म्हणायची आणि विषय संपवायची. पुढे तोतरेपणा गेला, पण बोलण्यापेक्षा दुसऱ्याचं बोलणं नीट करण्यात त्याचं मन रमलं. चॅनेलमध्ये चिकटवलंही त्याला तिनंच.

पहिल्यांदा तिचा आकडा खाली आला तेव्हा त्याला वाटलं, सर्दी झाली असेल. त्यानं बटण केसभर वर सरकवलं. मीटरवर बोलणं परत जागेवर आलं. पुढच्या आठवड्यात ते बटण खाली आणायची वेळ आलीच नाही. उलट आणखी थोडं वर न्यावं लागलं. दमली असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. मग आणखी थोडं. प्रत्येक वेळी ते इतकं थोडं असायचं, की त्याबद्दल कुणाशी बोलावं असं त्यात काही वाटायचं नाही.

आवाज वाढवला की नुसता आवाज वाढत नाही. त्याच्यासोबत कागदाची सळसळ येते, खुर्चीची कुरकुर येते, एसीची घरघर येते, बोलणाऱ्याचा श्वास येतो. मीटरनं ताईच्या टेबलावर जाड कापड अंथरायला लावलं. तिच्या पदरावरचा माइक दोन बोटं वर सरकवला. नंतर तो बदलून चांगल्यातला आणला. घरघर पुसून टाकणारं सॉफ्टवेअर लावलं. बाहेर घराघरांत ताईचा आवाज पूर्वीसारखाच, तोच स्वच्छ, तोच ठाम, ठरलेल्या पातळीवर.

ताईच्या कानात नेहमी एक छोटं यंत्र असायचं. त्यातून संपादक बाईंच्या सूचना तिला ऐकू यायच्या आणि तिच्या सवयीप्रमाणे तिचा स्वतःचा आवाजही थोडा परत मिळायचा. तोही त्याच्याच हातातून जायचा, म्हणजे वाढवलेलाच. तिच्या कानाला तर काहीच कमी पडलेलं नव्हतं.

घरी मात्र वेगळं चाललं होतं. सुट्टीच्या दिवशी तो जेवायला बहिणीकडे जायचा. ताईचे यजमान, त्याचे भावजी, बँकेतून निवृत्त झालेले, मोजकं आणि स्पष्ट बोलणारे गृहस्थ होते. जेवताना ताई काहीतरी म्हणायची आणि भावजी मान पुढे करून विचारायचे, "काय म्हणालीस?"

"तुमचे कान तपासून घ्या आधी," ती म्हणायची.

एकदा ते खरंच कान तपासून आले. "डॉक्टर म्हणाले, या वयात इतके चांगले कान क्वचित बघायला मिळतात," असं त्यांनी जेवताना जाहीर केलं.

ताई हसली. "त्या मशीनचंच काहीतरी बिघडलं असेल." मग ती भावाकडे वळून काहीतरी बोलली.

त्यालाही ऐकू आलं नव्हतं. पण काचेपलीकडून इतकी वर्षं तिचे ओठ बघायची सवय होती. ती भाजी वाढू का म्हणतेय हे त्यानं ओळखलं आणि वाटी पुढे केली.

"बघा," ताई भावजींना म्हणाली, "ह्याला बरोबर ऐकू येतं."

भावजींनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि ते मान खाली घालून जेवू लागले. पुढे त्या घरात असंच होत राहिलं. ताई बोलायची, भावजी विचारायचे, ती वैतागायची आणि तो ओठ वाचून वेळ मारून न्यायचा.

भावजींना आणखीही काही दिसत होतं. ती पाय ओढून चालते, ब्लाउजची बटणं लावायला तिला वेळ लागतो, चेहरा पूर्वीसारखा हलत नाही. ते डॉक्टरांचं नाव काढत, तेव्हा ताईचं उत्तर तयार असायचं. "टीव्हीवर ऐका आणि सांगा, माझ्या बोलण्यात काय बिघाड आहे." संध्याकाळी ते टीव्ही लावून बसत आणि खरोखरच काही सापडत नसे. मग तेच ओशाळत. नवरा-बायकोच्या या वादात प्रत्येक वेळी टीव्ही ताईच्या बाजूनं साक्ष द्यायचा, आणि ती साक्ष कोण तयार करतंय हे एकट्या मीटरला ठाऊक होतं.

त्यानं एकदा प्रयत्न केला, नाही असं नाही. स्टुडिओबाहेरच्या पॅसेजमध्ये ती मेकअप पुसत उभी होती. तो म्हणाला, "ताई, घसा एकदा दाखवून घे."

"घशाला काय झालंय? ठणठणीत आहे. कानात मला स्वच्छ ऐकू येतं."

तेवढ्यावर त्याला सांगता आलं असतं, की कानात तुला मी ऐकवतो ते ऐकू येतं. तो गप्प बसला. त्या दिवसांत वरच्या मजल्यावर नव्या, तरुण चेहऱ्यांची चर्चा सुरू होती आणि ताईच्या कानावर ती गेलेली होती. आपण आत्ता तोंड उघडलं तर तिच्या खुर्चीखालची जमीन आपल्याच हातानं काढून घेतल्यासारखं होईल, असं त्याला वाटलं. लहानपणी तिनं आपल्याला सांभाळून घेतलं, आता आपली पाळी आहे. असं म्हटलं की मनाला बरं वाटायचं.

एकदा संपादक बाई स्वतः त्याच्या खोलीत आल्या. "ताईंच्या माइकवर एवढी घरघर का येते रे?"

"एसीची आहे. बघतो मी," तो म्हणाला आणि त्यानं बटणांवर हात असा ठेवला, की त्यांना ती दिसू नयेत.

ते घडलं ताईच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी. भावजी हॉलमध्ये वर्तमानपत्र घेऊन बसले होते, समोर टीव्ही चालू होता. ताई अंघोळीला गेली आणि ओल्या फरशीवर तिचा पाय पुढे पडलाच नाही. ती कुशीवर आदळली. खुबा मोडला. उठता येईना, दारापर्यंत हात पोचेना. तिनं भावजींना हाक मारली.

टीव्हीवर त्या वेळी तिनं आठवड्याआधी घेतलेली एक मुलाखत पुन्हा दाखवत होते. पाहुणे बोलत होते, ताई प्रश्न विचारत होती. भावजींना तिचा आवाज येत होता. त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. बायको टीव्हीवर बोलतेय, छान बोलतेय, पूर्वीसारखीच बोलतेय. आतून ती हाका मारत होती, आपल्या मते जिवाच्या आकांतानं ओरडत होती. तो आवाज मधल्या दारापलीकडे येत नव्हता. मुलाखत बरीच मोठी होती. ती संपल्यावर भावजी चहाचं विचारायला म्हणून उठले, तेव्हा बाथरूमचं दार अजून बंदच असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. दार फोडून आत गेले तेव्हा ती थंडीनं निळी पडली होती आणि ओठ हलवत होती.

मीटर हॉस्पिटलमध्ये पोचला तेव्हा तिला ऑपरेशनला नेलं होतं. दुसऱ्या दिवशी वॉर्डात मेंदूच्या विकारांचे डॉक्टर आले. हाडाच्या डॉक्टरांनीच त्यांना बोलावलं होतं. त्यांनी ताईचे हात वाकवून पाहिले, बोटं उघडझाप करायला सांगितली, बराच वेळ तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"आवाज कधीपासून असा बारीक झालाय?"

"बारीक कुठे आहे?" ताई म्हणाली. डॉक्टरांना ते ऐकायला वाकावं लागलं.

भावजी म्हणाले, "घरात बरेच दिवस मला ऐकू येत नाही. पण टीव्हीवर अगदी व्यवस्थित येतं. म्हणून तर मी गप्प बसलो."

"टीव्हीवर व्यवस्थित?" डॉक्टर बुचकळ्यात पडले. "असं होणार नाही."

पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या भावावर ताईची नजर गेली. तिची उभी हयात स्टुडिओत गेली होती. तिला कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"किती?" तिनं विचारलं.

तिच्या ओठांवरून त्याला कळलं. ती विचारत होती, किती वाढवत होतास.

"बराच, ताई."

"कधीपासून?"

"मागच्या उन्हाळ्याच्या आधीपासून."

तिनं डोळे मिटून घेतले. भावजींना उमगायला वेळ लागला. ते एकदा मेव्हण्याकडे, एकदा बायकोकडे बघत राहिले. मग खुर्चीचा हात घट्ट धरून म्हणाले, "म्हणजे तुला माहीत होतं."

डॉक्टरांनी घसा साफ केला आणि आजाराचं नाव सांगितलं. पार्किन्सन. ते म्हणाले, "या आजारात पुष्कळदा आवाज हळूहळू विरत जातो. आणि गंमत अशी, की रोग्याला ते कळत नाही. आपण नीटच बोलतोय, समोरचेच बहिरे झालेत, असं त्याला वाटतं. म्हणून बाहेरच्यानं सांगावं लागतं."

गंमत हा शब्द त्यांच्या तोंडून सहज गेला असावा.

"लवकर कळलं असतं तर?" भावजींनी विचारलं.

"आजार थांबला नसता. पण औषधांनी चालणं सुधारलं असतं. आवाजाचे व्यायाम असतात, ते सुरुवातीला सुरू केले तर बराच फायदा होतो."

"पडली नसती?"

"ते कोणीच सांगू शकणार नाही," डॉक्टर म्हणाले.

नंतर बाहेर, लिफ्टपाशी भावजींनी त्याला गाठलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर त्याला सोपं गेलं असतं.

"ती मला हाका मारत होती," ते म्हणाले. "आणि मी तिचाच आवाज ऐकत बसलो होतो. तू करून ठेवलेला." थोडं थांबून ते पुढे म्हणाले, "काही दिवस तू येत जाऊ नकोस."

संध्याकाळच्या बातम्यांना ताईच्या जागी एक नवी मुलगी आली. पहिल्या दिवशी मीटरचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. ताईच्या माइकचं बटण होतं तिथंच राहिलं. मुलीनं तोंड उघडलं मात्र, पहिलाच शब्द असा फुटून बाहेर पडला की कॅमेरावाल्यांनी कानावरचे हेडफोन ओढून काढले. त्यानं झटकन बटण खाली आणलं, पण संपादक बाई तोवर मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. बटण कुठून कुठे आलं ते त्यांनी पाहिलं.

बातम्या संपल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं. "इतकं?"

त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"मला सांगायचंस. मी तिला काढलं नसतं. सुट्टी दिली असती, उपचार करून घे म्हटलं असतं."

खरंच तसं झालं असतं का, हे त्याला कळेना. कदाचित झालं असतं. कदाचित बाईंना आज तसं वाटत होतं इतकंच. पण आपण त्यांना ती संधीच दिली नाही, हे मात्र खरं होतं. ताईलाही दिली नव्हती. सगळ्यांच्या वतीनं आपण एकट्यानं ठरवून टाकलं आणि त्याला माया म्हणत राहिलो. त्या दिवशी तो घरी गेला आणि तीन-चार दिवस कामावर फिरकला नाही. फोन वाजत राहिला, त्यानं उचलला नाही.

पावसाळा सरत आला तेव्हा भावजींचा फोन आला. आवाज कोरडा होता. "ती म्हणतेय, रेकॉर्डिंग घेऊन ये. कच्चं."

स्टुडिओत प्रत्येक माइकचं रेकॉर्डिंग जसंच्या तसं, काही न वाढवता, वेगळं साठवलं जातं. त्यानं ते काढलं. लॅपटॉप आणि हेडफोनचे दोन जोड घेऊन तो गेला. ताई खिडकीजवळ उंच पाठीच्या खुर्चीत बसली होती, शेजारी चालायचा वॉकर. केस कोणीतरी आखूड कापले होते. चेहरा इतका स्थिर होता, की राग आहे की नाही तेही कळत नव्हतं.

तिनं हेडफोन कानावर चढवून घेतले आणि बोटानं लॅपटॉपवरचं आवाजाचं बटण दाखवून 'नको' अशी खूण केली. हात लावायचा नाही.

दोघं शेजारी बसून ऐकू लागले. सुरुवातीचं बातमीपत्र जुन्या ताईचं होतं. मग महिन्यामागून महिने. आवाज आधी जरा मवाळ झाला. मग वाक्याची शेवटची टोकं गळायला लागली. मग एका सुरात, घाईघाईनं, कोणी पाठलाग करत असल्यासारखे शब्द येऊ लागले; वाढवलेल्या आवाजात ते कोणाच्या कानाला खटकलं नव्हतं. शेवटी शेवटी एसीची घरघर वर आली आणि तिच्याखाली कुठेतरी खोल एक बाई पुटपुटत राहिली. त्याला वाटत होतं, ती मध्येच थांबवील. तिनं थांबवलं नाही. शेवटच्या बातमीपत्राला तिचे डोळे भरून आले, पण चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही, नुसतंच पाणी वाहत राहिलं. ते पुसायला तो पुढे झाला, तर तिनं त्याचा हात बाजूला केला.

हेडफोन काढून ती त्याच्याकडे बघत काहीतरी म्हणाली. बाहेर कोणीतरी गाडी चालू करत होतं. तिच्या ओठांवरून अंदाज बांधता आला असता. 'आता तू जा' असेल, किंवा 'का केलंस असं' असेल. सवयीनं त्याची मान होकारार्थी हलायला लागली होती. ती त्यानं थांबवली.

"ऐकू आलं नाही, ताई."

तिनं पुन्हा सांगितलं.

"नाही आलं. मोठ्यानं बोल."

तिनं खुर्चीचे हात धरले, छाती भरून श्वास घेतला आणि आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं तसा पोटातून जोर लावून ती ओरडली. चारचौघं घरात बोलतात तेवढा आवाज निघाला.

"मला कोणी सांगितलं नाही," ती म्हणाली. "तू तर सांगायचंस."

एवढ्यानं ती दमली आणि मागे टेकली. तो म्हणाला, "हो."

नंतर तो दर आठवड्याला जायला लागला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी ताईसाठी एक साधा मीटर आणून दिला होता. त्यावर आकडा दिसायचा आणि ताईनं तो गाठायचा. तो समोर बसायचा आणि खरा आकडा सांगायचा. कमी असला तर कमी सांगायचा. काही दिवस जमायचं, काही दिवस नाही. हिवाळ्यात एकदा ती आकडा न सोडता सलग दोन पानं वाचू शकली. त्यानंतर तेवढं पुन्हा कधी साधलं नाही. औषधांचा डोस वाढला, हातांना थरथर सुटली आणि पुढे पायांतही उतरली, वॉकर जाऊन चाकाची खुर्ची आली. आता ती दिवसाला मोजकी वाक्यं बोलते. ऐकणाऱ्याला तिच्या खुर्चीजवळ बसावं लागतं आणि घरात सगळं बंद ठेवावं लागतं. भावजींनी हॉलमधला टीव्ही कोणाला तरी देऊन टाकला.

त्यांनी मेव्हण्याला परत कधी काही सुनावलं नाही. घरी येऊ नकोस असंही पुन्हा म्हटलं नाही. तो बेल वाजवतो, ते दार उघडतात, बाजूला होतात आणि "आत आहे" एवढंच म्हणून आपल्या खोलीत निघून जातात.